रिमवर दोन ठोके

४ मार्च, सोमवार

आलो एकदाचे. सामान उतरवताना कपाटाचा एक पाय मोडला, भुंग्याची एक चप्पल ट्रकमध्येच राहिली, आणि बायकोने स्वयंपाकघराच्या खिडकीतून बाहेर बघून जाहीर केलं की आता इथून तिला कोणी हलवून दाखवावं. खिडकीतून सगळा उतार दिसतो. घर माथ्यावर, तिची नवी शाळा पायथ्याशी, आणि मधे सात वळणांचा रस्ता. तिची बदली झाली म्हणून आलो. मी आपला शेपटासारखा मागे. भुंगा म्हणजे आमची मुलगी, वय वर्षं सात. डोळे उघडल्यापासून मिटेपर्यंत तिची गुणगुण चालू असते, म्हणून भुंगा. तिला आईच्याच शाळेत घातलंय, म्हणजे दोघी रोज सकाळी आमच्या जुन्या गाडीतून खाली जाणार.

ही वही बायकोने हातात ठेवली. तिचं म्हणणं असं की माझं तोंड मिनिटभर गप्प बसत नाही आणि पाय अर्धा मिनिटही नाही, तर निदान तोंडाचं काम वहीकडे द्यावं. पायाचं खरं आहे. कुठेही बसलो की उजवा पाय आपोआप हलत असतो. शाळेत त्यापायी मार खाल्लाय.

मलाही काम मिळालं. गॅरेज घरापासून पाच मिनिटांवर, उतार सुरू होतो तिथेच. पाटीवर दोन भावांचं गॅरेज असं लिहिलंय, भाऊ मात्र एकच दिसला. पन्नाशीचे मालक, हात लोखंडी, बोलणं मोजकं. सुट्या भागांच्या काउंटरवर त्यांच्या धाकट्या भावाची बायको बसते. धाकटे नऊ वर्षांपूर्वी गेले. सगळे त्यांना वहिनी म्हणतात, मीही म्हणालो. मालक त्यांच्याशी बोलताना मान वर करत नाहीत, हे मात्र पहिल्याच दिवशी नजरेत आलं.

मी ब्रेकचा माणूस. चौदा वर्षं दुसरं काही केलं नाही. मालकांना तसाच माणूस हवा होता. झकास जमलं.

६ मार्च, बुधवार

आज एक विचित्र प्रकार झाला. लिहून ठेवतो, नाहीतर बायकोला सांगताना मीठमसाला लावीन.

दुधाच्या गाडीचं पुढचं कॅलिपर बदललं. ब्रेकचा कुठलाही भाग बदलला की नळ्यांत हवा शिरते, आणि ऑइल दाबलं जात नसलं तरी हवा दाबली जाते. चिमूटभर हवा आत राहिली की पेडल लोण्यात घातल्यासारखं खाली जातं आणि गाडी थांबत नाही. ही हवा काढायला दोन माणसं लागतात. एक सीटवर, पेडलवर पाय ठेवून. दुसरा चाकापाशी, पान्हा घेऊन. चाकामागे एक छोटं निपल असतं, त्याला पारदर्शक नळी लावायची, नळीचं टोक बाटलीत. हाका तीन: दाब, धर, सोड. 'धर' म्हटलं की वरच्याने पेडल दाबून ठेवायचं आणि 'धरलंय' म्हणायचं. खालच्याने निपल उघडायचं, बुडबुडे बाहेर येऊ द्यायचे, निपल बंद करायचं, आणि मगच 'सोड'. या हाकांना मानपान नसतो. जुन्या गॅरेजमध्ये साक्षात मालक सीटवर बसले तरी आम्ही त्यांना 'दाब' असंच म्हणायचो. निपल उघडं असताना वरच्याने पाय उचलला की सगळी हवा उलटी आत. एवढी चूक करणाऱ्याला मी तरी मेकॅनिक म्हणत नाही.

तर मी खाली, दुधाच्या गाडीचा ड्रायव्हर सीटवर. दाब म्हणालो, धर म्हणालो, निपल उघडलं, बंद केलं आणि तोंड उघडलं. 'सो' एवढंच बाहेर आलं असेल. मालक कुठून धावत आले कोण जाणे, त्यांचा तेलकट पंजा थेट माझ्या तोंडावर. दात ओठांत रुतले. ड्रायव्हर सीटवरून बघतच राहिला.

मग मालकांनी हळू आवाजात सांगितलं की या शेडमध्ये तो शब्द म्हणत नाहीत. इथे पान्ह्याने रिमवर दोन ठोके मारतात. दोन ठोके म्हणजे पाय उचल. का, असं विचारलं तर म्हणाले की इथली पद्धत आहे. मी म्हणालो, ठीक, तुमचं गॅरेज, तुमचे नियम. पण ओठ अजून दुखतोय आणि राग यायचा तो आलाच.

९ मार्च, शनिवार

बढती झाली. चौदा वर्षांच्या अनुभवानंतर मला सीटवर बसून पेडल दाबायचं काम दिलंय. मालक खाली, मी वर. मालक कुठल्याच गाडीच्या सीटवर बसत नाहीत, गाडी हलवायची असली तरी मलाच सांगतात. बायकोला सांगितलं तर ती हसून हसून खाली बसली. म्हणाली, तुझा पाय नाहीतरी हलतच असतो, आता त्याचा पगार मिळेल.

आठवड्यात सात गाड्यांची हवा काढली. दाब, धर, धरलंय, टक् टक्. दाब, धर, धरलंय, टक् टक्. डोक्यात घर करून बसलंय ते.

१५ मार्च, शुक्रवार

जेवताना गंमत झाली. बायकोने भाताचा डाव पातेल्याच्या काठावर दोनदा आपटला आणि टेबलाखाली माझा पाय टुणकन वर आला. गुडघा टेबलाला लागला, पाण्याचा पेला आडवा. भुंग्याला एवढी मजा वाटली की जेवण होईपर्यंत चमच्याने टक् टक् करत राहिली, आणि दर वेळी माझा पाय उठला. मुद्दाम नाही हां. दाबून ठेवायचा प्रयत्न केला तरी उठला. शेवटी बायकोने चमचा काढून घेतला.

एक गोष्ट मात्र तिला सांगितली नाही. आज टेम्पोच्या सीटवर बसलो होतो. खालून 'दाब' असा आवाज आला. मी पाय टेकवायच्या आत पेडल खाली जायला लागलं. माझा तळवा त्याच्या मागोमाग गेला, जिना उतरताना कोणाच्या तरी मागे आपण पाऊल टाकतो तसा. जुनी गाडी, सैल स्प्रिंग, असेल काहीतरी. पण स्प्रिंग सैल झाली तर पेडल सारखंच खाली राहील. हाक ऐकून थोडंच जाणार आहे?

२१ मार्च, गुरुवार

शेडच्या मागच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली एक गाडी आहे. मी समजत होतो की गिऱ्हाईक न्यायला आलंच नाही, अशी प्रत्येक गॅरेजमध्ये एखादी असते. आज दुपारी तिथे डबा घ्यायला गेलो तर ताडपत्रीतून मागच्या बाजूने लाल उजेड दिसला. दोन्ही ब्रेकचे दिवे चालू. म्हणजे पेडलखालचा स्विच अडकला असणार, बॅटरी उतरेल. चांगुलपणा म्हणून मालकांना सांगितलं. ते म्हणाले, राहू दे. वहिनी काउंटरवर पावती लिहीत होत्या, त्यांचा हात थांबला आणि मग परत चालू झाला.

दुसरीही एक भानगड आहे. इथून गेलेल्या गाड्या परत येतात, सगळ्यांची तक्रार एकच. चाक तापतं, ब्रेक घासतो, मागचे दिवे विझत नाहीत. जणू कोणी सारखा पाय ठेवून बसलंय. मालक प्रत्येकाला तेच सांगतात: थोडं घासेल, पण थांबते ना गाडी? आणि गाडी थांबते. कोणाचा ब्रेक लागला नाही असं नऊ वर्षांत झालं नाही, हे मला शेजारच्या टायरवाल्यानेही सांगितलं, छाती फुगवून, जणू गॅरेज त्याचंच.

२८ मार्च, गुरुवार

आज आमच्या गाडीचं काम केलं. मास्टर सिलिंडर गळत होता. नवा घातला, चारही होज पाइप नवे, पुढचे पॅड नवे. हँडब्रेकची केबलही ढिली झालीय, ती पुढच्या आठवड्यात. मालकांची विनवणी केली की माझी गाडी आहे, मला खाली बसू द्या. त्यांनी टायरवाल्याला सीटवर बसवलं. हाकेऐवजी ठोके मारीन, असं मी त्यांना वचन दिलं.

बुडबुडे थांबेनात. सहसा एका चाकाला दहा-बारा वेळा केलं की नळीतून नितळ ऑइल येतं. चाळीस वेळा केलं. दोन डबे ऑइल गेलं. कुठे गळती नाही, जोड कोरडे, मी प्रत्येकावर बोट फिरवून पाहिलं. तरी नळीतून बुडबुडे. आणि ते सलगही नव्हते. एक येई, मग थांबे, मग एक. बाटलीत कोणी हळूहळू श्वास सोडतंय असं वाटायला लागलं आणि मी नळी काढून टाकली.

मालकांनी पेडल हाताने दाबून बघितलं, म्हणाले, दगडासारखं आहे, पुरे. मी भांडलो. आत हवा आहे, मी डोळ्यांनी बघतोय, पेडल घट्ट असेलच कसं? ते म्हणाले, आहे ना? मीही दाबलं. होतं. चौदा वर्षांत इतकं घट्ट पेडल लागलं नव्हतं.

खाली शाळेजवळ दुसरं गॅरेज आहे. पण ब्रेकच्या मेकॅनिकने स्वतःची गाडी दुसऱ्याकडे न्यायची म्हणजे नाकच कापून घेणं. गाडी घरी आणली.

२ एप्रिल, मंगळवार

चैन पडत नाही. काम करताना दर पाच मिनिटांनी मान मागे वळते, कोपऱ्याकडे. दिवे चालूच. एवढे दिवस बॅटरी टिकतेच कशी, हा प्रश्न डोक्यातून जाईना, म्हणून मालक बँकेत गेले तेव्हा ताडपत्री पुढून उचलली आणि बॉनेट उघडलं.

बॅटरी नाही. बॅटरीची जागा रिकामी. वायरींची टोकं गंजून हिरवी झालीत, त्यांवर कोळ्याचं जाळं.

मागे जाऊन पाहिलं. दिवे लाल. काचेला हात लावला, गरम लागली.

५ एप्रिल, शुक्रवार

वहिनींना विचारलं. वाटलं, उठून जातील. त्यांनी काउंटरवरचा पसारा नीट बाजूला केला, हात पुसले आणि सांगितलं. जणू मी कधी विचारतोय याचीच वाट बघत होत्या.

ती गाडी धाकट्यांची. म्हणजे गिऱ्हाइकाची होती, धाकटे तिच्यात गेले. त्या दिवशी धाकटे सीटवर, मालक मागच्या डाव्या चाकापाशी. मालकांनी 'धर' अशी हाक दिली. धाकटे म्हणाले, धरलंय, आणि मालकांनी निपल उघडलं. तेवढ्यात दारात एक गिऱ्हाईक आलं आणि वाद घालायला लागलं. मालक तावातावाने उठून बाहेर गेले. पान्हा निपलवरच. विसरले.

गाडी जॅकवरून घसरली. चाकाखालचा ठोकळा निसटला आणि गाडी दारातून बाहेर, उतारावर. वहिनी काउंटरवरून बघत होत्या. धाकट्यांनी पाय एकदा उचलून परत दाबला असता, दोन-तीनदा मारला असता, तर पुढच्या चाकांना थोडा तरी ब्रेक लागला असता, असं नंतर सगळे म्हणाले. त्यांनी उचललाच नाही. मोठा भाऊ सांगेपर्यंत पाय उचलायचा नाही, हे त्यांच्या अंगात मुरलेलं. तिसऱ्या वळणावर कठड्याला जाऊन गाडी थांबली. बाहेर काढलं तेव्हाही पाय पेडलवर होता.

वहिनी म्हणाल्या, त्यांना अजून कोणी सांगितलेलं नाही. एवढंच म्हणाल्या आणि पुन्हा पावती लिहायला घेतली. मला रडू आलं, खोटं कशाला बोलू.

८ एप्रिल, सोमवार

बायको दुपारी घरी आली ती घाबरूनच. उतारावर पुढच्या चाकातून धूर आला. भुंग्याने आधी पाहिला. चाकाला हात लावला तर चटका बसला. ब्रेक घासतोय, ऑइल उकळेल, उकळलं की वाफ होईल, वाफ म्हणजे हवाच. मग ब्रेक नाही.

दिवेही चालू. आमच्या गाडीचे. अंगणात, कोणी आत नसताना.

गाडीच्या काचेतून आत पाहिलं. पेडल खाली होतं. पूर्ण दाबलेलं.

९ एप्रिल, मंगळवार

दोघींना बसने पाठवलं. बायको दमली, भुंगा पेंगली. रोज हे चालणार नाही, असं ती म्हणाली. बरोबर आहे तिचं.

पाय थांबत नाही. आता झोपेतही हलतो म्हणे.

विचार केला. तो माणूस नऊ वर्षं पाय ठेवून बसलाय. प्रत्येक गाडीत. इथून बाहेर पडलेल्या प्रत्येक गाडीत. म्हणून घासतात. म्हणून दिवे. म्हणून आमचं चाक. मोकळं करणं हाच उपाय आहे. त्याच्यासाठीही आणि आमच्यासाठीही. एक शब्द तर आहे. मालकांच्या तोंडून निघत नसेल तर माझ्या तोंडून निघेल. हाकेला मानपान नसतो.

उद्या सकाळी, मालक यायच्या आत.

१० एप्रिल, बुधवार

साडेसात. शेडमध्येच बसून लिहितोय.

केलं. ताडपत्री सगळी काढली. सीटवर कोणी नव्हतं, पेडल तळाला टेकलेलं. मी मागच्या डाव्या चाकापाशी उकिडवा बसलो, जसं बसायला हवं तसं, आणि मोठ्याने म्हणालो.

सोड.

पेडल वर आल्याचा खट् असा आवाज झाला. दिवे विझले. कोणीतरी लांब श्वास सोडला असं वाटलं, मग शांत. बरं वाटलं. किती दिवसांनी बरं वाटलं. माझा पायसुद्धा थांबला.

बायकोला फोन केला. तिने गाडी अंगणातच हाताने पुढेमागे ढकलून पाहिली. म्हणाली, पिसासारखी हलकी झाली, दिवेही विझले, काय केलंस? म्हटलं, संध्याकाळी सांगतो, आज गाडीनेच जा. मागे भुंग्याची गुणगुण ऐकू येत होती.

आठ वाजता

पेडल दाबून बघ, असं सांगायचं राहिलं. सांगतो. आत्ता लावतो.

उचलत नाही. गाडी चालवत असेल.

आठ वाजून दोन मिनिटं

मालक आले. दिवे विझलेले पाहून दारातच उभे राहिले. विचारलं, तू म्हणालास? हो म्हणालो. ओरडले नाहीत. गुडघे टेकून मागच्या डाव्या चाकाखाली वाकले आणि मला बोलावलं.

पान्हा तिथेच होता. नऊ वर्षांचा. गंजून निपलला चिकटलेला.

निपल उघडं.

मी बघितलंच नाही. चौदा वर्षं. आधी निपल बंद, मग पाय वर. एवढी चूक करणाऱ्याला मी

मालकांनी शेडमधल्या टेम्पोचं पेडल हाताने दाबलं. तळापर्यंत गेलं. पलीकडच्या गाडीचं दाबलं. तळापर्यंत. म्हणाले, त्या दिवसापासून इथल्या एकाही गाडीची हवा निघालेली नाही, त्यांना पहिल्या महिन्यातच कळलं होतं. तरी गाड्या थांबत होत्या, कारण तो धरून होता. सगळ्या. म्हणूनच त्यांनी त्याला कधी सांगितलं नाही. नऊ वर्षं रोज ओठांवर यायचं, म्हणाले, रोज गिळलं.

बायको उचलत नाही.

आठ दहा

वहिनी गिऱ्हाइकांना एकेक फोन लावतायत. गाडी उभी करा, आहे तिथे उभी करा. खालून हॉर्न ऐकू येतोय. एक लांबलचक हॉर्न. आमचा नाही. आमचा नाही तो.

मालक दोर घेऊन मोटरसायकलवर

मी सीटवर बसलोय. त्याच्या सीटवर. दुसरं काही सुचलं नाही. पेडल रिकामं, तळाला गेलं. तसंच दाबून धरलं आणि म्हणालो, धरलंय. पुन्हा म्हणालो. धरलंय, धरलंय.

पायाखाली घट्ट झालं.

मागच्या भिंतीवर लाल उजेड पडला.

आठ चौदा

फोन लागला. दोघी आहेत. आहेत. तिसऱ्या वळणावर पेडल रिकामं गेलं, गाडी कठडा तोडून पुढे गेली आणि एकदम ब्रेक लागला, असं ती सांगते. पुढची चाकं बाहेर. हँडब्रेक ओढलाय, तो धरत नाही. केबल. पुढच्या आठवड्यात म्हणालो होतो मी. तिचं दार कठड्याला चेपलंय, भुंग्याचं उघडत नाही. हललं की गाडी सरकते. मी सांगितलं, हलू नका, मालक दोर घेऊन येतायत, मी धरलंय. कुठे धरलंय, विचारते. धरलंय, एवढंच सांगितलं.

फोन चालू ठेवलाय, डॅशबोर्डवर. भुंगा गुणगुणतेय. घाबरली की जास्तच गुणगुणते.

पाय बधिर झालाय. हलत नाही, हलू देत नाही. वही स्टिअरिंगवर. लिहीत राहिलं तर कान दुसरीकडे राहतात. म्हणून लिहितोय.

कारण खाली कोणीतरी आहे.

वहिनी बाहेर आहेत, त्यांचा आवाज येतोय. मालक गेले. गाडीखाली मागच्या डाव्या चाकापाशी कोणीतरी उकिडवं बसलंय. कपड्यांचा आवाज. गुडघ्याचा कट् असा

विचारलं, कोण आहे. खालचा फक्त हाका देतो.

आठ सोळा

पान्हा फिरतोय. गंजलेला, करकरत. बंद होतोय की आणखी उघडतोय, वरून कळत नाही. सीटवरच्याला कधीच कळत नाही. त्याने फक्त ऐकायचं.

बंद केलं असेल तर बरंय. नसेल तर

मालक पोहोचले का? बायको म्हणते, मोटरसायकल दिसतेय वरून, दुसऱ्या वळणावर. दोन मिनिटं. फक्त दोन मिनिटं. ठोके मारू नका. मारू नका हो, पाया पडतो, मी ऐकणार नाही, पण पाय ऐकतो, पाय माझं

करकर थांबली.

टक्.

एकच. एकच झाला. भुंगा गुणगुणतेय, ते ऐक. पाया, ते ऐक. ते ऐ